मदर हाऊस संग्रहालय, कोलकाता

संत मदर तेरेसा (२६ ऑगस्ट १९१०–५ सप्टेंबर १९९७) यांच्या जीवनकार्याचे छोटे संग्रहालय. आचार्य जगदीशचंद्र बोस मार्गावर मिशनरीज ऑफ चॅरिटी या धर्मसंघाचे मुख्यालय आहे. ते मदर हाऊस म्हणून ओळखले जाते. संग्रहालय याच वास्तूत आहे. १९५३ पासून येथे धर्मभगिनींचे वास्तव्य आहे. त्यामुळे कोणाच्या नांदत्या घरी जावे, तशा बेताने येथे जावे लागते. दुपारी दार बंद असते, गुरुवारी प्रवेश नसतो. तिकीट नाही.

तळमजल्यावर मदरची पांढरी, साधी कबर आहे. धर्मभगिनी तिच्यावर झेंडूच्या पाकळ्यांनी एखादा छोटा संदेश मांडतात. भाविकांमध्ये सर्व धर्मांचे लोक दिसतात. कबरीवर डोके टेकवून ते बराच वेळ तसेच राहतात.

जवळच्या दालनात तक्त्यांवर जीवनपट मांडला आहे : स्कोप्ये येथील बालपण, १९२९ मध्ये भारतात आगमन, लोरेटो संघाच्या शाळेतील अध्यापन, १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या गाडीत जाणवलेली ईश्वरी हाक, ७ ऑक्टोबर १९५० रोजी संघाची स्थापना, १९७९ चे नोबेल शांतता पारितोषिक. वापरातील मोजक्या वस्तूही आहेत. त्यांतील निळ्या काठांची पांढरी साडी नीट पाहावी. संघाच्या या साड्या टिटागढ येथील केंद्रात कुष्ठरुग्ण हातमागावर विणतात.

संग्रहालयाचा खरा गाभा म्हणजे जिना चढून गेल्यावर लागणारी मदरची खोली. ती दारातूनच पाहायची असते. अरुंद खाट, लिहिण्याचे टेबल, भिंतीवर काटेरी मुकुट, एवढाच संसार. खाली स्वयंपाकघर असल्याने खोली तापत असे, तरी मदरनी पंखा लावू दिला नाही. जगभरचा कारभार त्यांनी येथून पाहिला आणि येथेच त्यांचे निधन झाले. वेळ थोडा असेल, तर तक्ते सोडावेत, ही खोली सोडू नये.

संग्रहालयाची मांडणी भक्तिभावाची आहे. मदरच्या सेवागृहांतील वैद्यकीय उपचारांवर झालेली टीका समजून घ्यायची, तर वेगळे वाचन करावे लागते. सेवेचे प्रत्यक्ष रूप कालीघाटच्या ‘निर्मल हृदय’मध्ये (स्थापना १९५२) दिसते, मुंबईत भायखळ्याचे ‘आशादान’ याच संघाचे.