मोदक, वेताळ आणि आठ आणे वर्गणी

आमच्या गेवराई तालुक्यात राक्षसभुवन नावाचं गाव आहे, असं मी पुण्याच्या नातेवाइकांना सांगितलं की ते आधी हसतात आणि मग "खरंच?" म्हणून विचारतात. आता खरंच म्हणजे काय? एस.टी.च्या पाटीवर लिहिलेलं असतं! लहानपणी "चला राक्षसभुवन, राक्षसभुवन" असा पुकारा व्हायचा आणि माणसं पिशव्या, पोरं नि तेलाच्या बाटल्या सांभाळत निमूटपणे गाडीत चढायची. तेल शनीला वाहायचं. गोदाकाठी तिथं शनीचं जुनं ठाणं आहे. इतिहासाच्या पुस्तकात मात्र हे गाव वेगळ्या कारणानं येतं. १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवरावांनी तिथं निजामाच्या फौजेचा धुव्वा उडवला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथंच पडला. लढाई जिंकली आपण, आणि १९४८ साल उजाडलं तेव्हा गेवराई होती निजामाच्याच राज्यात! आमच्या भागात पराक्रमाचा आणि पदरात पडणाऱ्या मापाचा मेळ क्वचितच बसतो.

हे सगळं आठवायचं कारण आमची नात. वय वर्षं तेरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत गेवराईला आली ती उशीएवढं जाड पुस्तक काखोटीला मारून. जादूगारांच्या शाळेची गोष्ट. पहिल्याच दिवशी मुलीनं तक्रार मांडली, "बाबा, तुम्ही तरी हिला सांगा. पुढच्या वर्षी नववी. चेटकिणी आणि झाडू वाचून काय होणार आहे?"

मी निवृत्त मास्तर. अशा वेळी मास्तरानं काय बोलायचं असतं हे ठरलेलं आहे. पण तोंड उघडलं आणि मला गुणाढ्याची आठवण झाली.

गुणाढ्य हा आमचा शेजारी. म्हणजे पैठणचा. गोदावरी आधी पैठणला जाते आणि मग आमच्याकडे येते, त्यामुळे पैठणला जे काही घडतं ते थोडंफार आमच्यापर्यंत वाहत येतं असं मी धरून चालतो. गोष्ट कथासरित्सागरात आहे. पैठणला, म्हणजे तेव्हाच्या प्रतिष्ठानात, सातवाहन राजा राज्य करत होता. एकदा राण्यांबरोबर जलक्रीडा चालली असताना पाण्याच्या माऱ्यानं दमलेली एक राणी संस्कृतात म्हणाली, "मोदकैः." मा उदकैः, म्हणजे पाणी उडवू नका. राजाचं संस्कृत माझ्या इंग्रजीसारखं. त्यानं ताबडतोब मोदक मागवले! राणी हसली, आणि राजा जो अंथरुणाला खिळला तो बोलेनाच. बायकोसमोर अज्ञान उघडं पडलं की सम्राट काय आणि मास्तर काय, सगळ्यांची गत एकच.

दरबारात दोन पंडित होते. गुणाढ्य म्हणाला, व्याकरणाला लोकांना बारा वर्षं लागतात, मी सहा वर्षांत शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला, मी सहा महिन्यांत शिकवतो. क्लासवाल्यांचा मूळ पुरुष हाच असावा असा माझा कयास आहे. गुणाढ्यानं चिडून पैज मारली: असं झालं तर संस्कृत, प्राकृत आणि देशी, तिन्ही भाषा सोडीन. शर्ववर्म्याला कार्तिकेय प्रसन्न झाला, कातंत्र नावाचं सुटसुटीत व्याकरण हाती आलं आणि राजा सहा महिन्यांत पास झाला. गुणाढ्याची बोलतीच बंद. तो विंध्याच्या रानात गेला, तिथं पिशाचांची भाषा शिकला आणि त्या भाषेत त्यानं विद्याधरांच्या, आकाशातून उडणाऱ्यांच्या गोष्टी लिहिल्या. सात वर्षं, सात लाख श्लोक. शाई नव्हती म्हणून रक्तानं.

हे हस्तलिखित त्यानं शिष्यांबरोबर राजाकडे पाठवलं. नव्यानं व्याकरण शिकलेला माणूस फार कडक असतो. राजानं ते परत केलं. भाषा पिशाचांची, शाई रक्ताची, ह्या असल्या गोष्टींत काय ठेवलंय?

"आईसारखंच की!" नात म्हणाली. आई स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाली, ते नीट ऐकू आलं नाही.

मग गुणाढ्यानं टेकडीवर आग पेटवली आणि एकेक पान मोठ्यानं वाचून तो त्यात टाकू लागला. ऐकायला कोण, तर हरणं, रानडुकरं, रेडे. चरायचं सोडून गोल करून बसली आणि डोळ्यांतून पाणी काढू लागली. इकडे राजा आजारी पडला. वैद्य म्हणाले, मांस वाळकं आहे. स्वयंपाकी म्हणाले, शिकारी असलंच आणतात. शिकारी म्हणाले, काय करणार, जनावरं गोष्टी ऐकत बसलीत, चरतच नाहीत. राजा धावत गेला तोवर सहा लाख श्लोकांची राख झाली होती. उरलेले एक लाख त्यानं मागून घेतले. तीच बृहत्कथा.

आख्यायिका खरीच, पण बृहत्कथा हा ग्रंथ होता याबद्दल वाद नाही; बाण, दंडी यांनी तिचा उल्लेख केलेला आहे. पुढे तेही एक लाख हरवले. मग आपल्याकडे काय राहिलं, तर त्यावरून इतरांनी रचलेलं. अकराव्या शतकात दूर काश्मिरात सोमदेवानं सूर्यवती राणीची करमणूक म्हणून कथासरित्सागर रचला. गोदावरीचं पाणी झेलमच्या काठी जपून ठेवलेलं! मध्ये किती पोथ्या, किती नकलनवीस आणि किती कपाटं आली असतील! गोष्ट टिकते ती कपाटामुळं. गुणाढ्याला पैठणात एखादं वाचनालय मिळालं असतं तर साहा लाख श्लोक वाचले असते. अर्थात तिथल्या ग्रंथपालानं "पिशाच भाषेचा विभाग नाही" असं सांगितलं असतं, ही शक्यता आहेच.

याच कथासरित्सागरात वेताळाच्या पंचवीस गोष्टी आहेत, आणि खांद्यावर प्रेत घेऊन चालणारा तो राजाही तिथं गोदाकाठच्या प्रतिष्ठानचाच आहे. हे मला फार उशिरा कळलं. आम्हाला तो भेटला ‘चांदोबा’त. मद्रासहून निघणारा ‘चांदोबा’ मराठीत १९५२ साली आला. मूळ गोष्टी पंचवीस, पण दर महिन्याला वेताळ पुन्हा झाडावर जायचा म्हणजे जायचाच, त्यामुळे चांदोबावाल्यांनी पुढच्या गोष्टी नव्यानं रचल्या. म्हणजे पैठणचा राजा काश्मीरमार्गे मद्रासला गेला आणि तिथून पोस्टानं गेवराईच्या वाचनालयात आला. एस.टी.नं आला असता तर दोन तासांचं काम.

आमचं वाचनालय म्हणजे एक खोली, चार कपाटं, एक लांब बाक आणि वर्तमानपत्रातला क्रिकेटचा मजकूर आधी कुणी वाचायचा यावरून होणारी भांडणं. १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, पुढं वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले, त्यानुसार अनुदान मिळू लागलं. पण आम्हा पोरांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्हाला ठाऊक होती महिना आठ आणे वर्गणी आणि पाच रुपये अनामत. चौथ्या कपाटाला कुलूप असायचं. त्यात काहीतरी भयंकर असणार अशी आमची खात्री होती. मोठेपणी कळलं, हात लागून मळू नयेत म्हणून नवी पुस्तकं त्यात ठेवत. नातीच्या त्या जादूच्या शाळेतही ग्रंथालयाचा एक भाग म्हणे बंद असतो, आणि तो पोरगा रात्री अदृश्य होऊन तिथं शिरतो. आम्हाला अदृश्य व्हायची सोय नव्हती.

माझ्या बाकावरच्या सोबत्याकडे अनामतीचे पाच रुपये नव्हते. म्हणून तो माझ्या नावावर वाचायचा. ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ वाचल्या, गो. ना. दातार वाचले, आणि १९७३ च्या दसऱ्याला त्यानं नाथमाधवांचं ‘वीरधवल’ नेलं. आदल्या वर्षीचा दुष्काळ अजून घराघरात बसलेला होता. दसऱ्यानंतर मुकादमाची उचल घेतलेली घरं गाड्या जुंपून उसाला निघाली, त्यात त्याचंही घर निघालं. आणि ‘वीरधवल’ही.

पुस्तक पंधरा दिवसांत परत करायचं असतं. ऊस सहा महिने चालतो.

ते सहा महिने मी वाचनालयासमोरून जायचं टाळलं. गावातून शाळेत जायला दुसरा रस्ता होता, पण तो आमच्या वडिलांच्या दुकानावरून जायचा. एकीकडे ग्रंथपाल, दुसरीकडे वडील. वेताळाचा प्रश्न बरा! शेवटी एकदा काकांनी (ग्रंथपालांना आम्ही काकाच म्हणायचो) मला हाक मारून विचारलंच.

"पुस्तक कुठाय रे?"

"उसाला गेलंय."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "येईल तेव्हा येईल," म्हणाले, आणि रजिस्टरात काहीतरी लिहिलं. बडोद्याला सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डन नावाचा अमेरिकन तज्ज्ञ आणून लाकडी पेट्यांतून गावोगाव पुस्तकं फिरवली, त्याचं सगळ्यांनी कौतुक केलं. आमच्या काकांचं फिरतं वाचनालय बैलगाडीत, तवा-परातीच्या खाली गेलं होतं. त्याचं अनुदान कुणी दिलं नाही.

पाडव्यानंतर सोबती परत आला. काळा, उंच, हाताला पाचटाचे ओरखडे. मुलांमध्ये कोयता धरण्याइतका मोठा झालेला. रोज रात्री कोपीसमोर चुलीच्या उजेडात त्यानं ‘वीरधवल’ वाचून दाखवलं होतं. आसपासच्या कोप्यांतली माणसं यायची. बैलही तिथंच बांधलेले असायचे. गुणाढ्याची जनावरं चरायची थांबली होती. या बैलांनी वाढं खाणं थांबवलं नाही, एवढाच फरक.

पण पुस्तकाची दोन पानं गेली होती. एका रात्री पाऊस आला, कोपी गळली आणि पानांचा लगदा झाला. आता दंड माझ्या नावावर! मी रडकुंडीला आलो. तो म्हणाला, थांब. वहीचे दोन कागद फाडले, आणि सहा महिने रोज वाचून पाठ झालेला तो मजकूर आमच्या ओसरीवर बसून सलग लिहून काढला. कणकेच्या खळीनं कागद पुस्तकात चिकटवले. काकांनी ते दोन्ही कागद सावकाश वाचले, पुस्तक उलटसुलट पाहिलं, ‘परत’चा शिक्का मारला आणि दंड लावला नाही. सोबती शाळेत मात्र परत आला नाही. पुढच्या दसऱ्याला तो स्वतःच्या हिशेबावर उसाला गेला.

"मग ते पुस्तक कुठंय?" नातीनं विचारलं. तिच्या मांडीवरच्या पुस्तकाचा पहिला भाग मराठीत ‘हॅरी पॉटर आणि परीस’ या नावानं आला आहे, हे ऐकून तिला हसू आलं होतं. आता मात्र ती हसत नव्हती. तिची आईही कणकेच्या हातानं दारात येऊन उभी राहिली होती.

पुस्तक पुढं बरीच वर्षं वाचनालयात होतं. दोनदा बांधलं गेलं. छापील पानांमधली ती दोन निळ्या शाईची पानं गावातल्या कितीतरी मुलांनी त्याच ओघात वाचली. कुणी कधी तक्रार केली नाही. मी नोकरीला लागल्यावर एकदा मुद्दाम ‘वीरधवल’ची दुसरी प्रत मिळवून ती जागा काढून पाहिली. मजकूर बहुतेक तोच होता. फक्त त्यात बैल नव्हते.