प्रवाळांचें प्रथमदर्शन

प्रवाळांविषयींचें मनुष्याचें ज्ञान फार काळ वरूनच मिळविलेलें होतें. १८३६ सालीं चार्लस डार्विन कीलिंग बेटांस गेला, तेव्हां कॅप्टन फिट्झरॉयनें घंटेच्या आकाराचें शिसें बुडाला चरबी लावून दोरीनें खोल सोडावें आणि चरबीवर उमटलेल्या ठशांवरून तळीं जिवंत प्रवाळ आहेत कीं नुसती वाळू, हें ताडावें! आंधळ्यानें हत्ती चांचपावा तसाच हा प्रकार. पण डार्विनच्या १८४२ च्या ग्रंथास या ठशांचाही आधार आहे.

पुढें १९४३ सालीं कूस्तो हा फ्रेंच नौदलाधिकारी व गान्यां हा यंत्रज्ञ यांनीं, ग्यासवर चालणाऱ्या मोटारींच्या झडपेंत फेरफार करून, श्वासागणिक हवा देणारें यंत्र सिद्ध केलें. माशांच्या बरोबरीनें प्रवाळांत हिंडणें आतां शक्य झालें. पण या लाभाचा विनियोग कसा झाला? कूस्तोच्या १९५६ सालच्या विख्यात चित्रपटांत मासे मोजण्याकरितां प्रवाळांत सुरुंग उडविलेला दिसतो. शास्त्राच्या नांवाखालीं झालेला हा संहार आम्हांस तरी क्षम्य वाटत नाहीं. अर्थात् याच गृहस्थानें १९७३ सालीं सागररक्षणार्थ संस्था काढली, हेंही सांगितलें पाहिजे. १९९८ सालीं पाणी तापून हिंदी महासागरांतील प्रवाळ पांढरे पडले, तेव्हां पाठीवर हवेचीं नळकांडीं बांधलेल्या पाणबुड्यांनींच, सुरुंग न लावतां, ती हानि मोजली.