गाडीचं वय मोजतात, ड्रायव्हरच्या कमरेचं कोण मोजतं?

डोंबिवलीत प्रीमियरचं मैदान म्हटलं की आता राजकीय सभा आठवतात. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. वालचंद हिराचंद यांची ही कंपनी १९४४ सालची. पद्मिनी कुर्ल्यात बनायची, आणि नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ आपल्याकडे. काही वर्षांतच तो डाव मोडला. त्यावर बरंच लिहून झालंय. मला आज सीटबद्दल बोलायचंय.

पद्मिनी टॅक्सीची पुढची सीट म्हणजे सलग बाक, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. ड्रायव्हर जरा सरकून, तिरका होऊन बसू शकायचा. पण कमरेच्या खळग्याला आधार शून्य. पंचविशीत ते जाणवत नाही. वय वाढतं तशी मणक्यांमधल्या चकत्यांतलं पाणी कमी होतं, पाठ ताठरते, मान पूर्ण वळत नाही. मग तीच सीट टोचायला लागते. म्हणून आली टॉवेलची गुंडाळी आणि ते लाकडी मण्यांचं आसन. आपल्याकडचं सीटचं संशोधन टॅक्सीवाल्यांनीच केलं, असं माझं मत!

१९८३ साली मारुती ८०० आली. पुढे दोन स्वतंत्र सीट, पण बसणं खाली. तरुणांना मजा, साठीच्या माणसाला मात्र बाहेर पडताना दाराला धरून उठावं लागायचं. १९९९ मध्ये उंच बांध्याची वॅगन आर आली आणि गुडघे दुखणाऱ्यांची सोय झाली. खुर्चीवर बसावं तसं बसता येतं, वाकावं लागत नाही.

आता कायदा बघा. मुंबईत टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा. शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली. ड्रायव्हरचं काय? चाळिशीनंतर लायसन्सला डॉक्टरचा दाखला लागतो. नजर, कान, हातपाय तपासायचे. पण सलग किती तास बसवतं, सीट त्याला बसते का, हे विचारायला रकाना नाही.

आणि इथे मेट्रो १२च्या कामात शीळ रस्त्यावर हाफ क्लचवर गाडी रांगत असते. डावा गुडघा, कंबर, दोन्ही कामाला. माझी चाळिशी उलटलीय, मला दोन तासांत कळतं. पन्नाशीतला टेम्पोवाला दिवसभर तेच करतो, आणि सीट मालकाची. ती बदलायचा खर्च कुणाचा, यावर आपल्याकडे कुठल्या युनियनची सभा झालेली मी तरी कव्हर केलेली नाही.

तुमच्या घरात कुणी टॅक्सी, टेम्पो, बस चालवत असेल तर कमरेमागे काय ठेवतात, खाली लिहा.