डॉक्टरकीची तयारी: हैदराबाद ते ट्युशन एरिया

दहावीचा निकाल लागला की लातूरच्या ट्युशन एरियात आणि नांदेडच्या क्लासच्या गल्ल्यांत खोली शोधत फिरणाऱ्या आया दिसतात. एका हातात गादीची वळकटी, दुसऱ्या हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी आणि मागं अकरावीला निघालेली लेक. हे सगळं कधीपासून सुरू झालं, असं गटात विचारलं गेलं. म्हणून आज तीच गोष्ट सांगतो.

१७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. मोठं शिक्षण म्हणजे हैदराबाद, आणि उस्मानिया विद्यापीठात शिकवणं उर्दूतून. मराठी घरातल्या मुलीला गावही परकं आणि भाषाही परकी. पुढं सरकारी मेडिकल कॉलेज हळूहळू जवळ येत गेलं. औरंगाबादला १९५६ साली, अंबाजोगाईला १९७४, नांदेडला १९८८ आणि लातूरला २००२. कॉलेज जवळ आलं, पण तिथं नंबर लागण्याएवढे मार्क कुठून आणायचे?

त्यावर उत्तर काढलं ते लातूरच्या शिक्षकांनी. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चं. प्राचार्य जनार्दन वाघमारे आणि अनिरुद्ध जाधव यांची नावं या कामात आदरानं घेतली जातात. त्या वेळी बारावीच्या मार्कांवर मेडिकलचा प्रवेश मिळायचा. शिक्षकांनी केलं काय, तर सुट्टीतच शिकवायला घेतलं, अभ्यासक्रम लवकर संपवला आणि मग पेपरवर पेपर लिहून घेतले. तपासून परत द्यायचे, चूक दाखवायची, पुन्हा लिहायला लावायचं. जादू काही नव्हती. लोक त्याला ‘लातूर पॅटर्न’ म्हणू लागले. आमच्या मते यातली मोठी गोष्ट अशी, की हे कष्ट कॉलेजचे मास्तर कॉलेजातच घेत होते.

मग परीक्षाच बदलली. आधी राज्याची सीईटी आली आणि २०१७ पासून राज्यातल्या सगळ्या जागांसाठी नीट. गुण ७२०. बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकलं तर एक कापला जातो. पूर्वी अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष असायचं, आता अकरावीचंही तेवढंच विचारतात. पेपर मराठीतही मिळतो, पण नोट्स आणि शिकवणं बहुतेक इंग्रजीतच. जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलीचे पहिले कित्येक महिने शब्द समजण्यातच जातात. उस्मानियाची उर्दू गेली, तिच्या जागी इंग्रजी आली, एवढंच.

या बदलात तयारी कॉलेजातून क्लासमध्ये गेली आणि तिचा खर्च आपल्या घरावर आला. फी, खोली, मेस, टेस्ट सिरीज. मेस परवडत नाही म्हणून आईच तिथं जाऊन राहते, भाकरी थापते. इकडं शेत नवऱ्यावर नाही तर सासूवर. या कामाचा पगार कुणी मोजत नाही.

एक दिलासा मात्र मिळाला. राज्याच्या कोट्यातल्या ७० टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांना, अशी जुनी पद्धत होती. आपल्याकडं कॉलेजं कमी, म्हणून आपल्या मुलांना जास्त मार्क असूनही जागा पुरत नसे. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं ती पद्धत बंद केली.

राहिला प्रश्न दुसऱ्या वर्षाचा. पहिल्या खेपेला नीटमध्ये थोडक्यात हुकलेली मुलं वर्षभर थांबून पुन्हा बसतात, त्यांना ‘रिपीटर’ म्हणतात. मुलगा हुकला तर घर म्हणतं, आणखी एक वर्ष घे. मुलगी हुकली की पाहुणे स्थळ सुचवायला लागतात, आणि आईलाही वाटतं, किती दिवस खोलीवर राहायचं? मार्क दोघांचे सारखेच असतात.

आमच्या गटाच्या वहीत कर्जाची कारणं ठरलेली होती: दवाखाना, बियाणं, म्हैस, लग्न. यंदा एका बाईनं लेकीच्या दुसऱ्या वर्षासाठी अर्ज दिला आहे. वहीत तसं कारणच नव्हतं, म्हणून सचिवताईंनी पेनानं नवा रकाना आखला. पुढच्या बैठकीत तो अर्ज वाचायचा आहे.