विहिरीतला काळा खडक आला कुठून? पृथ्वीच्या पोटातली उष्णता वर कशी चढते, जाणून घ्या

विहीर खोदताना आधी मुरूम लागतो, मग काळा कातळ, मध्येच भोकाभोकांचा मांजऱ्या, कुठे लाल मातीचा पट्टा आणि खाली परत कातळ. हे लाव्ह्याचे एकावर एक साचलेले थर आहेत, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे. विहिरीला पाझर लागतो तोही बऱ्याचदा दोन थरांच्या सांध्यातच.

हा लाव्हा आला कुठून? आपल्या पायाखाली साधारण ३०-४० किलोमीटर जाडीचं कवच आहे. त्याखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत प्रावरण. तिथे सगळा लाव्हा उकळतोय असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही, प्रावरण हा घट्ट दगडच आहे. पण तो इतका तापलेला आहे की वर्षाला काही सेंटिमीटर सरकतो. डांबराचा गोळा हातोडीने फुटतो, पण तसाच ठेवला तर हळूहळू पसरतो ना, तसंच.

गाभ्याजवळ तापलेला दगड फुगतो, हलका होतो आणि वर चढतो. थंड, जड दगड खाली बसतो. चुलीवरच्या डाळीसारखं, फक्त एका फेऱ्याला कोट्यवधी वर्षं लागतात. खोलवर दाब प्रचंड, म्हणून एवढा तापूनही दगड वितळत नाही. वर येताना दाब कमी होतो आणि त्यातला थोडा भाग वितळतो. कुकरचा दाब एकदम सोडला की आतलं पाणी कसं उसळतं, ते आठवा.

बऱ्याच शास्त्रज्ञांच्या मते अशीच एक उष्ण धार तेव्हा आपल्या भूभागाखाली होती. पुढे भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकला, धार मागे राहिली. लक्षद्वीप, मालदीव, मॉरिशस हा तिचाच माग. आज ती इथून चार हजार किलोमीटरहून दूर, रियुनियन बेटाखाली आहे. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे.

मग उनपदेव, वज्रेश्वरी, तुरळचे गरम झरे? ते पाणी भेगांतून खोल जातं, तापतं आणि वर येतं. कवचात दर किलोमीटरला तापमान साधारण २५ अंशांनी वाढतं, त्याला लाव्हा लागत नाही. हिवाळ्यात पहाटे बोअरचं पाणी कोमट लागतं, ते तर नुसतं हवा गार असल्यामुळे. तेव्हा ‘बोअरमधून वाफा, खाली ज्वालामुखी’ असा मेसेज आला तर पुढे पाठवू नका.