प्रयोगशाळेतल्या उंदरांचे पिंजरे कसे धुतात? प्राणिगृहाच्या स्वच्छतेची यंत्रं, सोप्या भाषेत

आजचा विषय थोडा वेगळा आहे. लसी, औषधं, कॅन्सरवरचं संशोधन याबद्दल आपण खूप वाचतो, पण ज्या पिंजऱ्यात प्रयोगाचा उंदीर राहतो तो पिंजरा कोण धुतं, कशाने धुतं आणि तो खरंच स्वच्छ झाला हे कळतं कसं, याबद्दल मराठीत फारसं काही सापडत नाही. म्हणून हा लेख.

हा "भांडी घासण्याचा" विषय वाटत असेल तर आधी एक खरी गोष्ट सांगतो.

एका चुकीच्या साबणाची गोष्ट

१९९८ साली अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात पॅट्रिशिया हंट या शास्त्रज्ञ उंदरांच्या स्त्रीबीजांचा अभ्यास करत होत्या. ज्या उंदरांवर कसलाच प्रयोग केलेला नव्हता, म्हणजे कंट्रोल गटातले उंदीर, त्यांच्या स्त्रीबीजांमध्ये अचानक गुणसूत्रांची गडबड दिसायला लागली. एरवी हे प्रमाण १ ते २ टक्के असायचं, ते ४० टक्क्यांवर गेलं. बराच शोध घेतल्यावर कारण सापडलं ते पिंजरे धुण्याच्या खोलीत. पॉलिकार्बोनेट प्लॅस्टिकचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकून तीव्र अल्कलीयुक्त, फरशीसाठीच्या डिटर्जंटने धुतल्या गेल्या होत्या. त्यामुळे प्लॅस्टिक खराब झालं आणि त्यातून बिस्फेनॉल ए हे रसायन पाझरू लागलं. हंट यांच्या गटाने मुद्दाम पिंजरे खराब करून आणि रसायन थेट देऊनही हाच परिणाम दाखवला आणि २००३ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध केलं. पुढे २०१८ मध्ये याच शास्त्रज्ञांनी पॉलिसल्फोनच्या खराब झालेल्या पिंजऱ्यांमधून बिस्फेनॉल एस पाझरल्याचंही दाखवलं.

म्हणजे पिंजरा धुताना झालेली चूक थेट संशोधनाच्या निकालात उतरते. त्यात प्राण्यांचे हाल होतात, पैसा वाया जातो आणि चुकीचा निष्कर्ष निघू शकतो तो वेगळाच.

आधी तीन शब्द नीट समजून घेऊ

बोलताना आपण सगळ्यालाच "साफ करणं" म्हणतो. प्राणिगृहात मात्र तीन पायऱ्या वेगळ्या मानतात:

- स्वच्छता: विष्ठा, मूत्र, केस, भुसा, चिकट थर काढून टाकणं.
- निर्जंतुकीकरण (डिसइन्फेक्शन): बहुतेक रोगजंतू मारणं. जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे स्पोअर्स, यातून वाचू शकतात.
- स्टरिलायझेशन: बीजाणूंसकट सगळे सूक्ष्मजीव संपवणं.

मराठीत दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीला सर्रास एकच शब्द वापरतात, म्हणून तिसरीसाठी मी इथे इंग्रजी शब्दच ठेवतोय. क्रम मात्र बदलता येत नाही. पिंजऱ्याला घाण चिकटलेली असताना वर ब्लीच ओतलं, तर ते त्या घाणीशीच अभिक्रिया करून संपतं आणि खालचे जंतू तसेच राहतात.

घाण बाजू आणि स्वच्छ बाजू

चांगल्या प्राणिगृहात धुण्याची जागा भिंतीने दोन भागांत विभागलेली असते. वॉशर आणि ऑटोक्लेव्ह त्या भिंतीतच बसवतात, दोन्ही बाजूंना दार देऊन. वापरलेला पिंजरा घाण बाजूने आत जातो आणि स्वच्छ बाजूने बाहेर येतो. दोन्ही दारं एकाच वेळी उघडत नाहीत. हवेचा दाबही असा ठेवतात की हवा स्वच्छ बाजूकडून घाण बाजूकडे जाईल. घाण बाजूचा माणूस तसाच, कपडे न बदलता, स्वच्छ बाजूला जात नाही. हा नियम मोडला तर पुढची सगळी महागडी यंत्रं असून नसल्यासारखी.

कोणती यंत्रं असतात?

१. बेडिंग डंप स्टेशन. पिंजऱ्यातला वापरलेला भुसा इथे टाकतात. वरून साधं टेबल दिसतं, पण ते हवा आत ओढतं आणि हेपा फिल्टरमधून गाळतं. उंदरांच्या मूत्रातली प्रथिनं धुळीबरोबर उडतात आणि ती श्वासात जाऊन कामगारांना ॲलर्जी, पुढे दमाही होऊ शकतो. त्यामुळे हे यंत्र मुळात माणसासाठी आहे असं म्हटलं तरी चालेल.

२. कॅबिनेट वॉशर. मोठ्या डिशवॉशरसारखा. थोडे पिंजरे, बाटल्या आणि झाकणं यांसाठी.

३. रॅक वॉशर. हा खोलीएवढा असतो. पिंजऱ्यांची अख्खी मांडणी चाकांवरून आत ढकलायची. चारही बाजूंनी गरम पाण्याचे फवारे येतात.

४. टनेल वॉशर. जिथे रोज शेकडो पिंजरे धुवायचे असतात तिथे हा लागतो. सरकत्या पट्ट्यावर पिंजरे पालथे ठेवतात. आधी खळखळणं, मग डिटर्जंट, मग साधं पाणी, शेवटी कडक पाणी आणि वाळवणी असे टप्पे एकामागून एक येतात. काही मोठ्या ठिकाणी पिंजरे ठेवण्या-उचलण्याचं काम रोबोट करतात.

५. बाटल्यांची व्यवस्था. पाण्याची बाटली, तिचं बूच आणि चोखायची नळी वेगवेगळी धुवावी लागतात, कारण नळीच्या आत चिकट थर साचतो. स्वयंचलित पाण्याची लाइन असेल तर तीही नियमित फ्लश करावी लागते.

८२ अंशांचं काय प्रकरण आहे?

या क्षेत्रात एक आकडा सारखा ऐकू येतो: ८२.२ अंश सेल्सिअस, म्हणजे १८० अंश फॅरनहाइट. शेवटच्या खळखळण्याचं पाणी एवढं गरम असावं, असा जुना दंडक आहे. भारतातल्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हाच आकडा दिसतो.

पण यात दोन बारकावे आहेत. पहिला, हे तापमान टाकीतल्या किंवा फवाऱ्याच्या नळीतल्या पाण्याचं असतं. पिंजऱ्याचा पृष्ठभाग त्यापेक्षा थंडच राहतो. दुसरा, जंतू मरतात ते तापमान आणि वेळ या दोन्हींच्या हिशोबाने. तापमान थोडं कमी असेल तर जास्त वेळ द्यायचा. अमेरिकेतली "गाइड" म्हणून ओळखली जाणारी मार्गदर्शिका म्हणूनच साधारण ६१.६ ते ८२.२ अंश किंवा त्याहून जास्त अशी कक्षा देते. यंत्राच्या पडद्यावर ८२ दिसलं म्हणजे काम झालं, असं नाही.

कोणतं रसायन कशासाठी?

- अल्कली डिटर्जंट: चरबी, प्रथिनं, विष्ठा यांसाठी. पॉलिकार्बोनेटला मात्र जास्त तीव्र अल्कली चालत नाही. वरची गोष्ट आठवा.
- आम्ल: ससे, गिनीपिग, हॅमस्टर यांच्या मूत्रात खनिजं भरपूर असतात. त्याचा पांढरा कडक थर जमतो, तो साबणाने निघत नाही. सायट्रिक किंवा फॉस्फरिक आम्लाचं द्रावण लागतं.
- जंतुनाशक: ब्लीच, क्लोरीन डायऑक्साइड, परॲसेटिक आम्ल, क्वाटर्नरी अमोनियम वगैरे. सगळी सगळ्यांवर चालत नाहीत. उंदरांमधला हेपॅटायटिस विषाणू हा एक कोरोनाव्हायरस आहे. त्याचं चरबीचं आवरण डिटर्जंटनेही फाटतं. पण पार्व्होव्हायरसला असं आवरणच नसतं, त्यामुळे तो अल्कोहोलला दाद देत नाही. पिनवर्मची अंडी तर चिकट असतात आणि बऱ्याच जंतुनाशकांना पुरून उरतात. तिथे उष्णताच कामी येते.

एक धोक्याची सूचना: ब्लीच आणि आम्ल कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो. मूत्राने भिजलेल्या, अमोनियाचा वास मारणाऱ्या पिंजऱ्यावरही थेट ब्लीच ओतू नका. त्यातून क्लोरामाइनचे विषारी वायू निघतात. आधी पाण्याने धुवा.

आपल्याकडे आणखी एक अडचण येते, ती बोअरच्या जड पाण्याची. त्याने फवाऱ्याची भोकं बुजतात, पिंजऱ्यावर क्षार बसतात. वॉशरला सॉफ्टनर जोडणं म्हणून गरजेचं.

धुऊन भागत नाही तेव्हा

प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांसाठी पिंजरा, भुसा, पाणी सगळंच स्टराइल लागतं. त्यासाठी दोन मुख्य मार्ग आहेत.

ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. १२१ अंशांची दाबाखालची वाफ साधारण १५ ते २० मिनिटं. भुशाने भरलेल्या पिंजऱ्यांच्या थप्पीत वाफ आतपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणून तिथे सायकल लांबवावी लागते. वारंवार ऑटोक्लेव्ह केल्याने पॉलिकार्बोनेट धुरकट होतं, त्याला तडे जातात. पॉलिसल्फोन जास्त उष्णता सोसतं, पण तेही अमर नाही.

हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ ही उष्णता न सोसणाऱ्या उपकरणांसाठी. काम झाल्यावर तिचं पाणी आणि ऑक्सिजन होतं. मात्र वस्तू आधी स्वच्छ आणि कोरडी हवी. कागद, पुठ्ठा ही वाफ शोषून घेतात.

स्वच्छ झालं हे ओळखायचं कसं?

डोळ्यांनी पाहणं ही पहिली पायरी. त्यानंतर:

- तापमानाची पट्टी: पिंजऱ्याला चिकटवतात. ठरलेलं तापमान गाठलं की रंग बदलतो.
- एटीपी चाचणी: पृष्ठभागावरून बोळा फिरवून यंत्रात घालतात. काजव्याला चमकवणारं ल्युसिफरेज हे एन्झाइम इथे वापरतात. सेंद्रिय घाण जितकी जास्त, तितका प्रकाश जास्त. काही सेकंदांत निकाल मिळतो. पण विषाणूंमध्ये एटीपी नसतं, त्यामुळे ही चाचणी त्यांच्याबद्दल काहीच सांगत नाही.
- संपर्क प्लेट: पृष्ठभागावर दाबून मग जंतू वाढतात का ते पाहतात. वेळ लागतो.
- बीजाणूंची कुपी: ऑटोक्लेव्हमध्ये *जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस* या चिवट जिवाणूचे बीजाणू ठेवतात. सायकलनंतर ते उबवले आणि वाढले नाहीत, तर ऑटोक्लेव्ह नीट चालतोय.

रोज धुतलं तर आणखी चांगलं?

नाही. उंदीर वासावर जगतो. त्याने स्वतःच्या वासाने आखलेलं घर आपण सारखं पुसून टाकलं तर त्याच्यावर ताण येतो, आणि नुकती व्यायलेली मादी पिल्लांना इजाही करू शकते. बेडिंग आठवड्याला एकदा आणि पिंजरा किमान दोन आठवड्यांतून एकदा, हा सर्वसाधारण आधार. हवेशीर पिंजरे, प्राण्यांची संख्या, अमोनिया आणि ओलावा पाहून तो बदलतात. पिंजरा बदलताना घरट्याचं थोडं स्वच्छ साहित्य जुन्यातून नव्यात ठेवतात, ते याच कारणाने.

माणूस आणि प्राणी, दोघांची सुरक्षा

रॅक वॉशरच्या आत माणूस सहज उभा राहतो. म्हणून आतून उघडणारं दार, यंत्र बंद करणारी दोरी किंवा बटण आणि आत दिवा असायलाच हवा, आणि प्रत्येक कामगाराला ते हाताळून दाखवायला हवं. तसंच पिंजरा रिकामा आहे याची खात्री दोघांनी करावी. पिंजऱ्यात माकड राहून गेलं आणि पिंजरा तसाच वॉशरमध्ये गेला, अशा घटना अमेरिकेत घडल्या आहेत. तो मृत्यू किती भयंकर असेल, हे वेगळं सांगायला नको.

लहान प्राणिगृहात काय करायचं?

आपल्याकडे अनेक फार्मसी कॉलेजांमध्ये पिंजरे हातानेच धुतात. माझ्या मते तिथेही वरची तत्त्वं पाळता येतात: भुसा वेगळ्या जागी, मास्क लावून काढा. घाण आणि स्वच्छ टब वेगळे ठेवा. ब्रश, साबण, खळखळणं, मग लेबलवर लिहिलेला वेळ जंतुनाशकात बुडवणं, पुन्हा भरपूर पाणी आणि उन्हात किंवा रॅकवर पूर्ण वाळवणी. साबणाचं नाव, तारीख, कोणी धुतलं हे वहीत लिहा. उद्या निकाल विचित्र आला, तर पहिलं उत्तर त्या वहीत सापडेल. आणि धुरकट झालेला किंवा तडा गेलेला पिंजरा "अजून चालतोय" म्हणून ठेवू नका, सरळ बाद करा.