शेजारच्या साखळीतला खिसा

सिकलसेल म्हटलं की विळ्यासारखी वाकलेली लाल पेशी आठवते. पण तो झाला शेवटचा परिणाम. खरी भानगड आहे दोन रेणूंच्या मधल्या जागेत, आणि ती जागा हल्ली कुणालाही घरबसल्या बघता येते.

१९४९ साली लायनस पॉलिंगच्या गटाने दाखवलं की या रुग्णांचं हिमोग्लोबिनच वेगळं असतं. १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्रॅमने नेमका फरक शोधला. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं, त्यातलं फक्त सहावं बदललेलं: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. बस्स, एवढंच!

योगायोग बघा, १९५८ मध्येच नागपूरच्या शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. गडचिरोली तेव्हा चांदा (आताचा चंद्रपूर) जिल्ह्यातच होतं. वेगळा जिल्हा झाला १९८२ मध्ये. तिथल्या गोंड, माडिया, परधानांमध्ये हा आजार पिढ्यान् पिढ्या आहे.

आता कॉम्प्युटरकडे येऊ. साध्या हिमोग्लोबिनचा एकच रेणू उघडून सहावी जागा बघितली तर काहीच कळत नाही. ती पृष्ठभागावर, कुणाच्या अध्यात ना मध्यात. म्हणून २एचबीएस ही फाइल घ्यायची. हॅरिंग्टन, अडाची आणि रॉयर यांनी १९९७ मध्ये दिलेल्या या रचनेत दोन रेणू शेजारी शेजारी आहेत. मग पायमॉलला सांगायचं: या व्हॅलिनपासून ५ अँगस्ट्रॉमच्या आत दुसऱ्या साखळीतलं जे येईल, ते अख्खं अमिनो आम्ल दाखव. ('अख्खं' सांगितलं नाही तर तुटके अणू लोंबकळत राहतात.)

आणि मग दिसतो तो खिसा. शेजारच्या रेणूच्या बीटा साखळीतलं ८५ वं फिनाइलअ‍ॅलानिन आणि ८८ वं ल्युसिन, दोघंही पाण्याला नाक मुरडणारे, आणि त्यांच्यात घुसलेलं आपलं व्हॅलिन. ऑक्सिजन सोडल्यावर हा खिसा उघडतो, रेणू रेणूला चिकटतो, दोरखंड तयार होतात आणि पेशी वाकते. प्रत्येक रेणूतल्या दोन बीटांपैकी एकीचंच व्हॅलिन या जोडात शिरतं, पण तेवढं पुरतं.

मला सगळ्यात भारी वाटते ती ८७ वी जागा. तिथे थ्रिओनिन असतं. गर्भातल्या हिमोग्लोबिनच्या गॅमा साखळीत त्याच जागी ग्लुटामिन असतं आणि ते जोड नीट बसू देत नाही. हायड्रॉक्सियुरियाची गोळी हे गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवते. अमेरिकेत तिला सिकलसेलसाठी १९९८ मध्ये परवानगी मिळाली. पुढे लोकांनी सरळ बीटाचीच ८७ वी जागा बदललेलं जनुक बनवलं. डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेली लिफजेनिया ही ती जनुकोपचार पद्धत. किंमत ३१ लाख डॉलर, म्हणजे २५ कोटी रुपयांच्या वर!

इकडे गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने १९८६ नंतर सुरुवातीच्या कामातच सिकलसेलची तपासणी हाती घेतली. आयसीएमआरचं हिमोग्लोबिनच्या आजारांवरचं केंद्र चंद्रपूरला राष्ट्राला अर्पण झालं ते डिसेंबर २०२२ मध्ये. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं जुलै २०२३ मध्ये. खिशाचा नकाशा १९९७ पासून फुकट डाउनलोड होतोय. भामरागडच्या पोराला मात्र त्यातली गोळीच परवडते, तीसुद्धा महिनोन् महिने न चुकता मिळाली तर.